लुटुपुटूची कुस्ती

ज्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला आहे ती पाहण्यासाठी एखादा शहाणा माणूस पदरचे पैसे खर्चून का जातो, असा प्रश्न अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीविषयी कित्येक दशके विचारला जात आहे. विचारणाराच्या स्वरात सहसा थोडी दया असते. जाणारा मनुष्य एक तर भोळा असला पाहिजे, नाही तर त्याची अभिरुची हलकी असली पाहिजे, असे त्याने गृहीत धरलेले असते. प्रश्न मलाही महत्त्वाचा वाटतो, पण वेगळ्या कारणासाठी. ठरलेली कुस्ती पाहणाऱ्याची फसवणूक होत नाही हे दाखविणे फारसे कठीण नाही. कठीण भाग त्याच्या पुढे आहे. सर्व काही उघड आणि संमतीने चालले असताना नुसत्या पाहणाऱ्यावर काही जबाबदारी येते की नाही, आणि येत असेल तर ती कोणती?

या धंद्याची रीत आधी सांगितली पाहिजे. कोण जिंकणार हे आखाड्यात उतरण्यापूर्वी ठरते. एक मल्ल सज्जन असतो, दुसरा खल. मधले डाव पुष्कळदा आखाड्यातच, एकमेकांच्या कानाशी पुटपुटून ठरत जातात. जुन्या काळी हे गुपित कसोशीने पाळीत. ते पाळण्याला मल्लांच्या बोलीत 'केफेब' असा शब्द आहे. सज्जनाने आणि खलाने एका खाणावळीत जेवू नये, एका गाडीतून प्रवास करू नये, असा दंडक असे. १९८७ च्या मे महिन्यात न्यू जर्सीत पोलिसांनी एक मोटार अडविली, तेव्हा आखाड्यात ज्यांचे हाडवैर चालू होते असे दोन मल्ल तीत बरोबर प्रवास करताना सापडले. गाडीत अमली पदार्थही मिळाले. पण चर्चा अधिक झाली ती दोन वैरी एका गाडीत बसल्याची.

पुढे दोनच वर्षांनी गुपित संपले, आणि तेही फार गद्य रीतीने. १९८९ साली वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या सर्वांत मोठ्या कंपनीने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे कबूल केले की आपला खेळ ही खरी स्पर्धा नव्हे, ते मनोरंजन आहे. हेतू असा की, क्रीडा-नियंत्रक मंडळाची देखरेख आणि दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावरील कर यांतून सुटका व्हावी. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले सोंग कर वाचविण्यासाठी उतरविले गेले. गंमत अशी की प्रेक्षक पळाले नाहीत. पुढच्या दशकात ते वाढले. म्हणजे त्यांना आधीपासूनच ठाऊक होते, निदान जे ठाऊक नव्हते त्यावाचून त्यांचे काही अडत नव्हते.

आता फसवणुकीचा मुद्दा. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात दोन पैलवानांनी आतून संगनमत करून कुस्ती लढविली तर प्रेक्षक चिडतो, आणि त्याचे चिडणे रास्त असते. तेथे त्याला निकाली कुस्तीचे वचन दिलेले असते. कोण चितपट होणार हे कोणालाच ठाऊक नाही, या एकाच अटीवर तो उन्हातान्हात बसलेला असतो. खोटेपणा हा असा वचनाशी बांधलेला असतो. वचनच नसेल तर ते मोडणार कसे? मुंबईत वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्या होत, तेव्हा त्या खऱ्या की ठरविलेल्या यावर घरोघर वाद होत. तो वाद होऊ शकला याचे कारण वचन संदिग्ध होते. १९८९ नंतरच्या अमेरिकेत संदिग्धता उरली नाही. तेथे 'हे खोटे आहे' असे सांगणारा मनुष्य नाटकाला जाऊन 'हा खरा राजा नव्हे' असे शेजाऱ्याला सांगणाऱ्या माणसासारखा दिसतो.

फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ याने १९५७ सालच्या आपल्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात पॅरिसच्या दुय्यम सभागृहांतील अशाच कुस्तीवर निबंध लिहिला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, कुस्ती ठरलेली आहे की नाही याची येथल्या प्रेक्षकाला फिकीर नसते. त्याला दुःख, पराभव आणि न्याय यांची ठसठशीत, दुरूनही वाचता येतील अशी चित्रे पाहावयाची असतात. आपल्याकडे ही अडचण फार आधी हाताळली गेली आहे. नवव्या शतकातील श्रीशंकुकाने नाट्याच्या प्रतीतीला चित्रातल्या घोड्याची उपमा दिली. चित्रातला घोडा पाहून आपण 'हा घोडा' असे म्हणतो. हे ज्ञान खरे म्हणता येत नाही आणि भ्रमही म्हणता येत नाही. तो संशय नव्हे, 'घोड्यासारखे काही तरी' असे नुसते सादृश्यही नव्हे. ही एक निराळीच प्रतीती आहे आणि रसिकाला तिच्यात सुखाने राहता येते. रामाचे काम करणारा नट पाहताना आपण असेच राहतो. मग मल्ल पाहताना राहिलो तर काय बिघडले?

येथवर सगळे सरळ आहे. पण शंकुकाचा घोडा एका बाबतीत फार सोयीचा घोडा आहे. तो लाथ मारीत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या दिव्यांच्या झगमगाटात आणि चाळीस चाळीस हात दूरच्या खुर्चीवरून ही गोष्ट नीट दिसत नाही. ती पाहावयाची तर लहान, स्वतंत्र खेळाला गेले पाहिजे. असे खेळ अमेरिकेत गावोगाव होतात. कधी शाळेच्या व्यायामशाळेत, कधी चर्चच्या तळघरात, कधी माजी सैनिकांच्या सभागृहात. फिलाडेल्फियाच्या दक्षिण भागात एक गोदामवजा इमारत आहे, जिच्यात बिंगोचे डाव चालत. एक्स्ट्रीम चॅम्पियनशिप रेसलिंग ही संस्था १९९० नंतरच्या दशकात त्या बिंगोगृहातच नावारूपाला आली. तेथील प्रेक्षक घरून तवे आणि काठ्या आणून मल्लांच्या हाती देत. ती संस्था २००१ साली बंद पडली, पण तिच्या वळणाचे लहान खेळ आजही चालतात.

माझ्या एका स्नेह्यांचा मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो. त्याला या खेळांचा नाद आहे. मी तिकडे गेलो असताना एका शनिवारी तो मला घेऊन गेला. वाटेत त्याने एकच सूचना दिली. "काका, शेजारच्याला 'हे खोटे ना?' असे विचारू नका. त्याला तुमच्याआधी ठाऊक आहे."

सभागृह एका गावाबाहेरच्या रस्त्यावर होते. घडीच्या दोनेकशे खुर्च्या. मागच्या भिंतीशी टेबले मांडलेली, आणि त्यांवर मल्ल स्वतःच आपापले सदरे आणि फोटो विकत बसलेले. आम्ही लवकर पोहोचलो होतो, म्हणून आखाडा मांडताना पाहावयास मिळाला. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर बोटभर जाडीची मऊ गादी आणि वर ताणलेले कापड. जी पोरे त्या फळ्या खांद्यावरून वाहत होती, त्यांतलीच काही तासाभराने चकचकीत चड्ड्या घालून टाळ्यांच्या गजरात आत आली. त्यांना या कामाचे किती मिळते, असे मी विचारले. "पुष्कळांना पेट्रोलचा खर्च सुटला तर सुटतो," मुलगा म्हणाला.

आखाड्यापासून मी तिसऱ्या रांगेत होतो. त्या अंतरावरून दोन गोष्टी एकदम कळतात. पहिली ही की, यात पुष्कळ काही खोटे नाही. उघड्या छातीवर तळहाताचा फटका बसतो तो बसतोच. दुसऱ्या फटक्याला कातडी लाल होते, पाचव्याला बोटांचे वळ उमटतात. उंचावरून पाठीवर पडणारा मल्ल हनुवटी छातीशी घेतो, पाठीच्या वरच्या भागावर पडतो आणि दोन्ही हात फळ्यांवर आपटून आघात वाटून टाकतो. ही विद्या आहे, पण विद्येने फळी मऊ होत नाही. दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी. जो मारतो आहे असे दिसते, तोच राखतो आहे. खांद्यावर उलटा घेतलेल्या माणसाची मान कोठे येईल याचा सगळा हिशेब उचलणाऱ्याने करावयाचा असतो. उचललेल्याच्या हाती फारसे काही नसते. निकाली कुस्तीत आपल्या मानेची काळजी आपण घ्यावयाची. येथे माझी मान तुझ्या हाती आणि तुझी माझ्या. वैराचे सोंग वठविण्यासाठी इतका विश्वास लागतो.

माझ्या पुढच्या रांगेत साठी ओलांडलेली एक बाई होती. खलपुरुष आत आला तशी ती उठली आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. तोही कुंपणाशी येऊन तिच्या गावाला नावे ठेवून गेला. मध्यंतरात ती बाई त्याच्या टेबलाशी गेली, त्याचा फोटो विकत घेतला आणि विचारले, "तुझा गुडघा आता कसा आहे?" त्याने विनयाने सांगितले की पावसाळी हवेत दुखतो. मध्यंतर संपले. ती परत आली आणि पुन्हा शिव्या देऊ लागली.

शेवटून दुसऱ्या कुस्तीत एक तरुण दोरांवरून खाली पडला आणि उठला नाही. आरडाओरडा चालूच होता. मग तो एका कोपऱ्यातून विरत गेला. पंच वाकला आणि त्याने तरुणाचा हात हातात घेतला. असे घेतात ते शुद्ध आहे की नाही पाहण्यासाठी, हे मला मागून कळले; शुद्धीवर असलेला मल्ल हात दाबून सांगतो. दहा-बारा क्षण सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. माझ्या शेजारी बसलेला, या खेळाची सगळी आतली रीत जाणणारा मुलगा आखाड्याकडे एकटक पाहत होता. पुढे तो तरुण उठला, कुस्ती संपली, ठरल्याप्रमाणे कोणी तरी जिंकले. परत येताना मी विचारले, "ते ठरलेले होते का?" तो म्हणाला, "माहीत नाही, काका. ते आपल्याला कळू नये यातच त्यांचे कसब आहे."

त्याचे म्हणणे खरे होते, आणि मुख्य अडचण त्यातच आहे. मुष्टियुद्धातही माणसे जायबंदी होतात, सर्कशीच्या झुल्यावरूनही पडतात. पण मुष्टियोद्धा कोसळला तर तो कोसळला असाच अर्थ सगळे लावतात. झुल्यावरचा माणूस पडला तर तंबूत किंकाळी उठते. येथे मात्र इजा झाल्यासारखी दाखविणे हेच कलेचे मर्म आहे. मल्ल आपल्या कलेत जितका पारंगत, तितके त्याचे खरे कण्हणे आपल्याला ऐकू येणे अवघड. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतला मुलगा खोडसाळ होता म्हणून त्याच्या हाकेला कोणी आले नाही. या माणसाने कोणाला फसविलेले नाही; आपणच त्याला ओरडण्याचे पैसे दिले आहेत. तरी त्याची खरी हाक वाया जाण्याचा धोका तितकाच.

हा धोका नुसता तर्कातला नाही. २० मार्च २०१५ च्या रात्री मेक्सिकोतील तिहुआना शहरात एका स्वतंत्र खेळात पेरो अग्वायो (धाकटा) हा प्रसिद्ध मल्ल लढत होता. मेक्सिकन कुस्तीत खलाला 'रूडो' म्हणतात. तो नावाजलेला रूडो होता. प्रतिस्पर्ध्याच्या लाथेने तो दोरांवर फेकला गेला आणि मधल्या दोरावर मान टाकून लोंबकळत राहिला. ही स्थिती पुढच्या डावासाठी नेहमी घेतली जाते. म्हणून कुस्ती चालू राहिली. आखाड्यात हालचाली झाल्या, शेवटचे मोजणे झाले, निकाल लागला. तो हलत नाही हे सर्वांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला. मानेचे मणके मोडून तो गेला. वय ३५. त्याचे सहकारी निष्ठुर नव्हते, प्रेक्षकही नव्हते. सर्वांनी एका ठरलेल्या भाषेत त्याचा देह वाचला, आणि त्या भाषेत त्या स्थितीचा अर्थ 'तो आपले काम चोख करीत आहे' एवढाच होता.

त्याआधी २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत मोठ्या कंपनीच्या खेळात ओवेन हार्ट हा मल्ल छताजवळून दोराने खाली उतरताना निसटून पडला आणि मरण पावला. दूरचित्रवाणीवरील निवेदकाला प्रेक्षकांना वारंवार सांगावे लागले की हा मनोरंजनाचा भाग नाही. सभागृहातील लोकांना मृत्यूची वार्ता दिली गेली नाही, आणि खेळ पुढे चालू राहिला. निवेदकाची अडचण पाहण्यासारखी आहे. खरे सांगण्यासाठी लागणारे सगळे शब्द, तो गहिवरलेला स्वर, ती स्तब्धता, हे सगळे त्या व्यासपीठावर खोट्यासाठी आधीच वापरून झालेले होते. खऱ्यासाठी काही शिल्लक ठेवलेलेच नव्हते.

तसे शिल्लक ठेवण्याचा एक प्रयत्न या धंद्यात झालेला आहे. मल्लाला खरोखर इजा झाली की पंच दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली करतो. मागे उभ्या असलेल्या वैद्यासाठी आणि व्यवस्थापकांसाठी ही खूण आहे. सोंगाच्या या सगळ्या राज्यात तेवढीच एक गोष्ट सोंगाबाहेर ठेवलेली. पण प्रेक्षक ती खूण ओळखू लागले, तेव्हा कथानकाला रंग आणण्यासाठी तीही खोटी वापरली गेली. मला या धंद्यात अनैतिक असे काही बोट ठेवून दाखवावयास सांगितले तर मी ठरलेल्या निकालाकडे बोट दाखविणार नाही. मी या खोट्या फुलीकडे दाखवीन. निकाल खोटा असल्याने कोणाचे नुकसान होत नाही. ही खूण खोटी झाली की पुढच्या वेळी आखाड्यात पडलेला मनुष्य एकटा पडतो.

यावर एक उत्तर तयार असते. मल्ल सज्ञान आहेत, ते आपखुशीने उतरतात. संमती दिल्यावर प्रश्न उरत नाही. मला हे उत्तर अपुरे वाटते. १९९६ च्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील रिव्हिअर गावी, वर सांगितलेल्या बिंगोगृहवाल्या संस्थेच्याच खेळात, ऐनवेळी न आलेल्या मल्लाच्या जागी एक मुलगा उभा राहिला. तो १७ वर्षांचा होता. वय आणि अनुभव दोन्ही त्याने खोटे सांगितले होते. कपाळाला पात्याने बारीक छेद घेऊन रक्त काढण्याची या धंद्यात एक रीत आहे. ती आपल्याला येत नाही म्हणून प्रतिस्पर्ध्यानेच आपले कपाळ कापावे, असे त्याने सांगितले. छेद फार खोल गेला आणि रक्ताची धार लागली. मुलाचे वडील तेथेच होते. मुलाचे वय ते ओरडून सांगत होते. पुढे खटला झाला आणि कापणारा निर्दोष सुटला, कारण संमती दिलेली होती. न्यायालयाचा निर्णय न्यायालयापुरता मला मान्य आहे. पण जेथे प्रत्येक जण भान विसरल्यासारखा ओरडत असतो, तेथे आपल्या मुलासाठी ओरडणारा बाप वेगळा कसा ओळखावा? संमतीने मल्लाचा प्रश्न सुटतो असे घटकाभर मानू. पाहणाऱ्याचा सुटत नाही.

कारण पाहणारा येथे नुसता पाहत नसतो. हा खेळ त्याच्या आवाजावर चालतो. लहान सभागृहात तर हे हाताने मोजता येईल इतके स्पष्ट असते. लोक थंड पडले की मल्ल एक पायरी वर चढतो. साध्या पडण्याला टाळी आली नाही तर पुढची उडी दोरांवरून, तिलाही आली नाही तर शिडीवरून. पेट्रोलच्या खर्चावर आलेल्या पोराजवळ लोकांची टाळी मिळविण्याचे दुसरे भांडवल नसते. आपला कंटाळा त्याच्या पाठीच्या कण्यातून वसूल होतो. तिकिटाच्या पैशात आपण त्याची हार विकत घेतो, त्याचा अपमान विकत घेतो, त्याची फजिती विकत घेतो. त्याची मान त्या व्यवहारात नसते, आणि आपण तिची मागणी करू लागलो तर 'तो स्वतःच चढला' हे म्हणणे खरे असूनही पुरेसे होत नाही.

मग अशा खेळाला जाऊ नये काय? मी तसे म्हणणार नाही. दोन माणसांनी एकमेकांच्या हाती मान देऊन आपल्यासाठी वैराचे चित्र उभे करावे यात मला काही हीन दिसत नाही. त्यात मोठी माणुसकी आहे. निम्मे मन बाहेर ठेवून, ओठ मुडपून बसणाऱ्या प्रेक्षकाचेही मला कौतुक नाही. त्याने चित्र बिघडते आणि मल्लाचेही काही भले होत नाही. जावे, आणि गेल्यावर मनापासून ओरडावे. फक्त त्या ओरडण्याच्या खाली एक कान जागा असावा. पुढच्या रांगेतील त्या बाईचा होता. तिने शिव्यांत काही उणे ठेवले नाही आणि गुडघ्याचीही चौकशी केली. त्या दोन्हींत तिला विसंगती वाटली नाही, कारण ती नाहीच. ज्याला खल म्हणून शिव्या द्यावयाच्या त्याला आणि ज्याचा गुडघा दुखतो त्याला ती एकाच वेळी ओळखत होती.

रसिकतेची आपली जुनी व्याख्या तन्मयतेवर थांबते. चित्रातल्या घोड्यासाठी ती पुरेशी आहे. पण जेथे रंग ओला असतो आणि रंगाखाली हाडामांसाचा मनुष्य असतो, तेथे तन्मय होण्याइतकीच तन्मयतेतून तत्काळ बाहेर येण्याची तयारी रसिकाजवळ असावी लागते. त्या दहा-बारा क्षणांत सभागृह गप्प झाले, ते कोणी शिकविले म्हणून नव्हे. दोनशे माणसांना काहीच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसताना त्यांनी ओरडणे थांबविले. तरुणाने पंचाचा हात दाबला असेल तर त्या शांततेत पंचाला ते नीट कळले असेल.